शिसवी सिंहासन आणि राजाचे मुखत्यार

एका राज्यात, जेथे महाराजांची झोप पुरी होईपर्यंत पूर्वेची सर्व दारे बंद ठेवून सूर्यास बाहेर ताटकळत ठेवीत, विश्रामवर्मा नावाचा राजा राज्य करीत असे. करीत असे, म्हणजे त्याच्या नावाने ते केले जात असे. त्याच्या आजोबांनी कायदाच करून ठेवला होता की, राजाच्या नावाने जे घडले ते राजानेच केले असे समजावे.

त्या कायद्यान्वये प्रत्येक कष्टाच्या कामास एकेक मुखत्यार नेमलेला होता. पहाटे उठण्यास उषामुखत्यार. एकादशीस उपासमुखत्यार. वैद्यराजांचा कडू काढा पिण्यास औषधमुखत्यार. सायंकाळी राणी इरावतीबरोबर तळ्याकाठी फेरी घालण्यास चालमुखत्यार येसाजी. भोजन तेवढे महाराज स्वतः करीत. त्यासही मुखत्यार नेमावा, असे एका मंत्र्याने एकदा सुचवले होते. ते मंत्री तेव्हापासून सीमेवरील किल्ल्यात असत.

मुखत्यार सारे काटक आणि तुकतुकीत होते. महाराज मात्र सिंहासनाच्या आकाराचे होत चालले होते. हे सिंहासन काळ्याभोर शिसवीचे असून आजोबांनी ते भृंगनाथ नावाच्या मांत्रिकाकडून बळेच आणले होते.

एके सकाळी महाराजांस पायाची बोटे हलवता येईनात. इतक्यात खिडकीतून एक सुतारपक्षी आत आला, महाराजांच्या घोट्यावर बसला आणि त्याने चोच मारली. टक्, टक्.

"शिसव," पक्षी म्हणाला. "घोट्यापर्यंत. लाकूड उत्तम आहे."

"उद्धट पाखरा, तो आमचा पाय आहे!" महाराज गरजले.

"होता. राजा, सिंहासनाच्या खालच्या अंगास काय कोरले आहे, ते कोणी वाचले आहे काय?"

चिटणीस रंगोपंत खाकरले. "ते वाचावयाचे, तर महाराजांना उठावे लागले असते."

पक्षी सिंहासनाखाली शिरला आणि त्याने वाचून दाखवले: 'जो या आसनावरून उठावयाचे विसरेल, तो या आसनाचाच होईल.'

"लाकूड रोज चार बोटे चढेल," पक्षी पुढे म्हणाला. "एकविसाव्या दिवशी ते कंठाशी पोहोचेल. मग या दरबारात राजा नसेल. पाठ टेकावयास एक उत्तम आसन मात्र असेल."

राणी इरावतीच्या डोळ्यांत पाणी आले. महाराजांनी पक्ष्यास भृंगनाथाकडे उतारा विचारण्यास पाठवले. तिसऱ्या दिवशी पक्षी परतला, तेव्हा लाकूड पोटऱ्या गिळून बसले होते.

"मांत्रिक एकशे बारा वर्षांचा आहे आणि आपले अंगण स्वतः झाडतो," पक्षी म्हणाला. "मी विचारले तेव्हाही त्याने झाडू खाली ठेवला नाही. त्याने तीन कामे सांगितली. सूर्य उगवताना पूर्वेकडील खिडकी उघडावी. दिवसातून एकदा तळ्याच्या दिशेने, जमेल तितके, चालावे. आणि दोन घासांची भूक राखून पानावरून उठावे. शिवाय गाठी सैल होण्यास हा काढा दिला आहे."

रंगोपंतांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "एवढेच? महाराज, ही कामे तर आपण रोजच करता!"

"आम्ही?" महाराजांस आश्चर्य वाटले.

"मुखत्यारांकरवी. आता दुप्पट करावयाची, इतकेच."

मग उषामुखत्याराने रोज दोन खिडक्या उघडल्या. येसाजीने तळ्यास दोन फेऱ्या घातल्या. उपासमुखत्यार चार घासांची भूक राखून उठू लागला. भृंगनाथाचा काढा शिरस्त्याप्रमाणे औषधमुखत्याराने घेतला, आणि त्याचा तीस वर्षांचा लंगडा पाय तत्काळ सरळ झाला. दरबाराने टाळ्या वाजवल्या. पक्ष्याने महाराजांची मांडी ठोकली, नंतर कंबर ठोकली, आणि तो म्हणाला, "शिसव."

"इतका खटाटोप करूनही?" महाराजांनी विचारले.

"ज्याने खटाटोप केला, त्यास गुण आला. हा तुझा मुखत्यार पाहा, उड्या मारतो आहे."

अठराव्या दिवशी लाकूड छातीस लागले. श्वास आखूड झाला. त्या सायंकाळी तळ्याकडून राणीचे हसणे ऐकू आले. येसाजीने काही गंमत सांगितली असावी. तसे मोकळे हसणे महाराजांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ऐकले होते. पुढे फेरीस मुखत्यार नेमला गेला.

"राणीसाहेब कशास हसल्या?" महाराजांनी विचारले.

"कायद्याने ती गंमत आपणच सांगितलीत, महाराज," रंगोपंत नम्रपणे म्हणाले.

"कोणती गंमत?"

"ती येसाजीस ठाऊक."

महाराज म्हणाले, "रंगोपंत, आम्ही आजवर कोणकोणत्या गमती सांगितल्या, ते आम्हांस ठाऊक नाही. तीन दिवसांनी आम्ही लाकूड होऊ, आणि तेव्हाही कायद्याने आम्ही तळ्याकाठी फिरतच असू. उद्या खिडकी आम्ही उघडणार."

"परंतु महाराज, आपण तर सिंहासनास चिकटलेले आहात!"

"मग सिंहासनही येईल."

दुसऱ्या दिवशी पहाटे राजा विश्रामवर्म्याने दोन्ही हात सिंहासनाच्या हातांवर रोवले आणि पुढे हिसका दिला. सिंहासनाने एक उडी मारली. दरबारातील छत्रधारी घाबरून पळाला. अकरा उड्यांत महाराज खिडकीशी पोहोचले आणि त्यांनी अडसर काढला. सूर्याने आत डोकावून पाहिले. हे गृहस्थ कोण, हे त्यास लवकर उमगेना.

दोन प्रहरी पानात आमरस होता. महाराजांनी तिसरी वाटी हातात घेतली, तिच्याकडे आप्तेष्टाच्या निरोपास शोभेल अशा मुद्रेने पाहिले, आणि खाली ठेवली. आचारी स्वयंपाकघरात जाऊन रडला. सायंकाळी सिंहासन तळ्याच्या दिशेने निघाले आणि दिवाणखान्याच्या उंबऱ्यास अडखळून पालथे पडले.

पक्ष्याने महाराजांची छाती ठोकली. "आज चढले नाही."

"उतरले किती?"

"एक बोट."

"एकच? चढताना तर रोज चार बोटे चढत होते!"

"राजा, चढण्यास त्याला तुझी मदत होती."

दुसऱ्या दिवशी महाराजांनी उंबरा ओलांडला. आठव्या दिवशी जिना आला. तो ते कसे उतरले, याविषयी दरबारात बोलण्यास आजही मनाई आहे. पंधराव्या दिवशी आकाश भरून आले. "आजच्या दिवस येसाजीस पाठवावे काय?" असे रंगोपंतांनी हळूच सुचवले, आणि महाराजांनी मान डोलावली. त्या रात्री लाकूड चार बोटे चढले. पक्ष्याने नुसती ती चार बोटे मोजून दाखवली. पुढे महाराज भर पावसात, डोक्यावर स्वतःच छत्र धरून, उड्या मारीत निघत.

महिन्यामागून महिना गेला. कंबर सुटली, मांड्या सुटल्या. एके दिवशी सिंहासन दिवाणखान्यातच राहिले आणि महाराज पुढे गेले. मात्र पावले अजून शिसवीचीच होती, म्हणून ते खडावा घातल्याप्रमाणे खटखट वाजत चालत. अखेर त्या खटखटीसह ते तळ्याशी पोहोचले. तेथे राणी इरावती आणि येसाजी उभे होते. येसाजीने मुजरा केला आणि तो बाजूस झाला.

"येसाजी," महाराज म्हणाले, "ती गंमत काय होती?"

"कोणती, महाराज?"

"राणीसाहेब हसल्या ती."

येसाजी लाजला. "ती गंमत नव्हती, महाराज. माझे पागोटे वाऱ्याने तळ्यात पडले, आणि ते काढताना मीही पडलो."

राणी पुन्हा हसली. या वेळी महाराज जवळच होते.

त्यांनी तिच्याबरोबर पूर्ण एक फेरी घातली. फेरी संपताच सुतारपक्षी उडत आला, त्यांच्या उजव्या घोट्यावर बसला आणि त्याने नेहमीप्रमाणे चोच मारली.

"अगाई गं!" महाराज ओरडले आणि एका पायावर नाचू लागले.

पक्ष्याने मान तिरकी केली. "हा आवाज लाकडाचा नाही," तो म्हणाला. शाप सुटला. दूर दिवाणखान्यात सिंहासनास तडा गेला.

आजोबांचा कायदा त्याच दिवशी रद्द झाला. मुखत्यारांस आपापल्या नावाने उठण्याची व चालण्याची मोकळीक मिळाली. सिंहासन उलटे करून दरबाराच्या दारात ठेवले गेले, की येणाऱ्याजाणाऱ्यास अक्षरे वाचता यावीत. ते मंत्रीही सीमेवरून परत आले.

असे हे घडले. त्या राज्यात महाराज अद्यापि रोज तळ्यास फेरी घालतात, आणि राणी इरावती दोन पावले पुढे राहून म्हणते, "जरा उचला पाय, महाराज. येसाजी याहून झपाझप चालत असे."