बळवंतशेठ आणि मोडकी कोपरं

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात बळवंतशेठ नावाचा कारखानदार होता. ऊस तोडणारा रोबो आपण बनवायचा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याच्याकडे सिदूआप्पा नावाचा जुना टर्नर होता. रोबोच्या हाताची कोपरं आप्पा स्वतः लेथवर करायचा.

आप्पाची एक रीत होती. उसात मोडलेलं प्रत्येक कोपर तो शेडच्या भिंतीला टांगायचा. येणाऱ्या कामगाराने ते हातात घ्यायचं आणि का मोडलं ते सांगायचं. त्याशिवाय चहा मिळत नसे. अशाने पुढचं कोपर आधीच्यापेक्षा थोडं जास्त टिकायचं.

शेठला ती भिंत बघवेना. खंडेनवमीच्या पूजेला बडे पाहुणे यायचे होते. "मोडकं घरात ठेवलं की बरकत जाते," असं म्हणून त्याने सगळे तुकडे भंगारवाल्याला देऊन टाकले आणि भिंतीला रंग दिला. चूक झाकायची आपल्याला भारी घाई.

त्याच वर्षी शेठ चीनला जाऊन आला. तिथल्या एका शहरात त्याने गल्ल्याच्या गल्ल्या पाहिल्या. एका दारात मोटर बनायची, शेजारी दातेरी चाकं, समोर स्प्रिंगा. सकाळी एखादा भाग चुकला, तर माणूस गल्ली ओलांडायचा आणि जेवणाच्या आत नवा घेऊन यायचा. शेठने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. आणि शिकून काय आला? तिथलं कोपर स्वस्त पडतं, एवढंच.

"आप्पा, डोकं आपलं, हात त्यांचे," तो म्हणाला. "कोपर काय, कुणीही करतं."

आप्पाला त्याने फाटकाशी वॉचमन म्हणून बसवलं. लेथवर ताडपत्री पडली.

चिनी हातांचे रोबो उसात उतरले. कोपरं मोडतच होती. मोडलेली खोक्यात भरून शेठ परत पाठवायचा आणि बदल्यात फुकट नवी यायची, म्हणून तो खूश. तिकडच्या गल्लीतली माणसं मात्र एकेक तुकडा निरखून पाहायची आणि पुढचं कोपर सुधारायची. ऊस आमचा, मोडतोड आमची आणि शहाणपण त्यांचं. हे सांगतानाही तोंड कडू होतं.

पाच वर्षांनी कोपरं यायची बंद झाली. नुसती एक चिठ्ठी आली. आता आम्ही सुटी कोपरं विकत नाही, अख्खा रोबोच विकतो, असं तीत लिहिलं होतं. इकडे शेठचे रोबो ज्या साखर कारखान्याची ऊसतोड करायचे, त्याने शेठला पंधरा दिवसांची मुदत दिली. रोबो उसात चालवून दाखव, नाहीतर काम चिनी रोबोला. शेठचा सगळा धंदा त्या एका कामावर उभा होता.

तो धावत फाटकाशी गेला. "आप्पा, उठा. कोपर करायचंय."

आप्पा उठला. त्याने ताडपत्री काढली, लेथला तेल घातलं आणि चार दिवस खपून कोपर केलं. हातातली कला अजून गेली नव्हती. रोबो उसात उतरला आणि तिसऱ्याच सरीत कोपर मोडलं.

शेठने मोडका तुकडा उचलला. "असं कसं मोडलं, आप्पा?"

"पाच वर्सांनी पैलंच केलंय. मोडणारच."

"मग त्यांचं कसं मोडत नाही?"

"त्येंचं हजारदा मोडून झालंय, शेठ. आपल्याच उसात."

शेठ काकुळतीला आला. "मग आपणही मोडू. शिकू. किती दिवस लागतील?"

"पाच वर्सं," आप्पा म्हणाला. "ती तुमी मला फाटकाशी बसवून घालवली."

मुदत संपली. चिनी रोबो ट्रकमधून उतरले आणि उसात चालू लागले. त्यांना ठेवायला जागा हवी होती, म्हणून शेठने आपली शेड भाड्याने दिली.

तात्पर्य: जो आपल्या चुका दुसऱ्याच्या हवाली करतो, तो त्यांतून येणारी अक्कलही त्यालाच देऊन बसतो, आणि दिलेली अक्कल मागून परत मिळत नाही.