तोड नसलेला डाव

“...आणि ज्याला मेंदूच नाही, वस्ताद, ते तोड शिकतं कुठून?”

विचारणारे निवृत्ती चौगुले बुरशीवरील औषधांचे संशोधक. ऐकणारे दादू मुल्लाणी, पंचगंगेकाठच्या एका तालमीचे वृद्ध वस्ताद. निवृत्तींनी तरुणपणी त्यांच्याच हाताखाली कुस्ती केली होती.

वस्ताद कुस्तीच्या हौदातल्या तांबड्या मातीत ताक आणि हळद कालवत होते. बाकी हौद रिकामा होता. तालमीतल्या सहा मल्लांना बुरशीचा नायटा झाला होता आणि बाजारातल्या एकाही मलमाने तो हटत नव्हता. निवृत्तींनी त्यांना नव्या औषधाचा शब्द दिला होता.

“बस की. येरझाऱ्या काय घालतुयास?”

“बसवत नाही.”

“जुन्या मलमांचं काय झालं?”

“ती बुरशीच्या आवरणातला एक घटक तयार होऊ देत नसत. तिनं तो बनवण्याची रीतच बदलली. शिवाय औषध आत शिरलं, की उपसून बाहेर टाकते.”

“आन् तुझं?”

“माझं पेप्टाइड आहे, प्रथिनाचा बारीकसा तुकडा. तो थेट आवरणाला चिकटतो, भोकं पाडतो. पेशी गळून मरते. मी भर सभेत सांगितलं होतं, या डावाला तोड नाही...”

“म्हंजे कुस्ती सुटायच्या आधीच गुलाल उधळलास.”

निवृत्ती हौदाच्या कडेपर्यंत गेले, परत आले.

“काल ती जिवंत निघाली, वस्ताद. आवरणच बदललंय तिनं. पेप्टाइड चिकटतच नाही.”

“किती दिलं हुतंस?”

“आधी अगदी थोडं. जास्त झालं तर माणसाच्या रक्तपेशीही फुटतात. म्हणून कमीत कमी किती पुरतं, ते पाहत होतो. काही पेशी तगल्या, की त्याच पुढं वाढवायच्या आणि औषध थोडं चढवायचं. पुन्हा तगल्या, की आणखी थोडं. चाळीस दिवस...”

वस्ताद हौदाबाहेर आले. मातीने भरलेला हात त्यांनी निवृत्तींच्या मानेवर ठेवला.

“पैल्या दिशी असाच ठेवला हुता. पुरा जोर का न्हाई लावला?”

“मोडलो असतो.”

“मग?”

“रोज थोडा वाढवलात. वर्षभरानं मी तुमच्या हातातून निसटलो... म्हणजे तिला मीच...”

 निवृत्तींचे पाय जागीच थांबले.

...

“बाहेर ते सहाजण वाट बघताहेत, वस्ताद. काय सांगू त्यांना?”

 वस्तादांनी हात धुतले, कोरडे केले. खुंटीवरचा मानाचा फेटा उतरवला आणि निवृत्तींच्या डोक्याला बांधू लागले.

“मला कशाला? मी हरलोय!”

वस्तादांनी शेवटचा पीळ घट्ट खोवला.

“पठ्ठ्या जिंकला, की फेटा वस्तादाला बांधत्यात.”