बभ्रूने न मारलेली उडी

पूर्वी शैलवती नावाच्या डोंगरी नगरीत जयंधर राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्वाने एका अमात्याच्या कुळात जन्म घेतला होता. वडिलांनंतर अमात्यपद त्याच्याकडे चालत आले, पण त्याने ते धाकट्या भावाला दिले आणि स्वतः राजाच्या श्वानशाळेचा आचार्य झाला. मुक्या प्राण्यांच्या सहवासात त्याचे मन रमत असे.

शैलवतीच्या चौक्या डोंगरमाथ्यांवर होत्या. एका चौकीचा निरोप दुसऱ्या चौकीला पोचवण्याचे काम कुत्रे करीत. गळ्यातल्या चामडी पट्ट्यात निरोप बांधला की कुत्रा रानातून धावत सुटे. वाटेत उन्मळलेली झाडे, काटेरी कुंपणे, ओढे, घळी असत. म्हणून या कुत्र्यांना उड्या मारायला शिकवावे लागे, आणि ते शिक्षण बोधिसत्त्व देत असे.

जयंधर राजा क्रूर नव्हता, पण अतिशय संशयी होता. त्याला तसे कारणही होते. त्याच्या सख्ख्या काकाने त्याच्या वडिलांना जेवणातून विष दिले होते. तेव्हापासून हसणाऱ्या माणसाकडे पाहून हा का हसतो आहे, असे त्याच्या मनात येई. आणि न हसणाऱ्याकडे पाहून हा का हसत नाही, असे येई.

एका वसंतात शेजारच्या राजाने जुने वैर मिटवून तह केला आणि नजराण्यासोबत कुत्र्याचे एक पिल्लू पाठवले. रंग तांबूस, छाती रुंद, पाय लांब. त्याचे नाव बभ्रू ठेवले गेले. सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. राजा मात्र म्हणाला, "इतकं चांगलं जनावर कालपरवाचा शत्रू फुकट का देईल?" आणि त्याने ते बोधिसत्त्वाच्या हवाली केले. "आचार्य, याला लवकर तयार करा. हा कुणाचा आहे, ते मला कळू दे."

पावसाळा सरेपर्यंत बभ्रू अंगाने चांगलाच भरला. कुणालाही तो पूर्ण वाढलेला वाटला असता. दिसेल ते ओलांडण्याची त्याला भारी हौस. तरी बोधिसत्त्व त्याला जमिनीवर आडवा टाकलेला बांबू नुसता चालत ओलांडायला लावी. पुढे बांबू विटेवर आला, मग दोन विटांवर, आणि तिथेच राहिला. इतर कुत्रे शेजारी माणसाच्या गळ्याइतक्या उंच उड्या घेत असताना बभ्रू दोन विटांवरून उडे आणि त्याला घरी नेण्यात येई.

राजा गच्चीतून हे पाही. त्याला वाटले, आचार्य मुद्दाम वेळ काढतो आहे.

श्वानशाळेला लागून राजाची फुलबाग होती. तिथे कुंदिका नावाची माळीण काम करी. राजाने तिला बोलावून सांगितले, "फुलं तोडता तोडता आचार्यांवर नजर ठेव. दिसेल ते मला येऊन सांग."

कुंदिका सांगू लागली.

"महाराज, कुत्रा आणायच्या आधी ते रोज जमीन उकरतात."

"काय पुरतात?"

"ते दिसलं नाही. आणि बांबूची टोकं ते खुंट्यांना बांधत नाहीत, नुसती विटांवर टेकवतात. जरा धक्का लागला की बांबू खाली पडतो."

"आज बांबू सैल करतो आहे, उद्या माझी कुंपणं सैल करील. आणखी?"

"कुत्र्याला जवळ घेतात, खांद्यापासून पंजापर्यंत चाचपतात, आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलतात."

राजाचा चेहरा काळवंडला. त्याने सैनिक पाठवून ती जागा खणून काढली. नदीची वाळू निघाली, तिच्यात कालवलेला भाताचा तूस निघाला, दुसरे काही नाही. राजा म्हणाला, "म्हणजे त्याला आधीच कळलं होतं. जे पुरलं होतं ते त्यानं काढून घेतलं." आणि आचार्याला खबर कुणी दिली असेल, याचा तो विचार करू लागला.

दुसऱ्या सकाळी विस्कटलेली वाळू सारखी करताना बोधिसत्त्वाने जाईच्या वेलामागे उभ्या असलेल्या कुंदिकेला हाक मारली. "बाई, तू फुलं तोडायला येतेस आणि रिकामी परडी घेऊन जातेस. लांबून नीट दिसत नसेल. ये, जवळून बघ." आणि त्याने तिच्या हातात फावडे दिले.

कुंदिका घाबरली, पण पळाली नाही. वाळू ओढता ओढता तिने विचारले, "हे कशासाठी करता, आचार्य?"

"वर झेप घेणं त्याला शिकवावं लागत नाही. ते तो जन्मतःच घेऊन आला आहे. मी त्याला खाली उतरायला शिकवतो. उतरताना सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो, आणि त्याची हाडं अजून कोवळी आहेत. अंगानं मोठा दिसतो, आतून पोरच आहे. म्हणून खाली मऊ हवं."

"आणि बांबू बांधत का नाही?"

"बांधला आणि त्यात पाय अडकला, तर पाय मोडेल. टेकवला तर बांबू पडेल. बांबू पुन्हा ठेवता येतो."

कुंदिकेने पुढे विचारले, "कानात काय सांगता?"

बोधिसत्त्व हसला. "आता पुरे, असं सांगतो. त्याला अजून उडायचं असतं. दमलेल्या कुत्र्याचाच पाय चुकतो." मग तो म्हणाला, "मी त्याला आणखी एक शिकवलं आहे. मी हात वर केला की, कितीही वेगात असला तरी त्यानं खाली बसायचं. हे सगळं राजाला सांग. काही वगळू नकोस."

तिने सगळे सांगितले. राजाने ऐकून घेतले आणि विचारले, "असं बोलण्यासाठी त्यानं तुला काय दिलं?"

"फावडं, महाराज," कुंदिका म्हणाली.

राजा हसला नाही. त्याने तिला कामावरून काढून टाकले. आता या प्रकरणात त्याचा स्वतःच्या डोळ्यांवाचून कशावरही विश्वास उरला नाही. दुपारी दोन रक्षक घेऊन तो स्वतः श्वानशाळेत गेला आणि बभ्रूचा पट्टा हातात घेऊन नगराच्या उत्तर टोकाला आला. तिथे उभे ओंडके रोवून केलेला पुरुषभर उंचीचा मेढेकोट होता. बोधिसत्त्व मागोमाग धावत आला.

"महाराज, इथून नको. पलीकडे उतार आहे, खडक आहेत. हिवाळा सरेपर्यंत थांबा, तो आपण होऊन उडेल."

"हिवाळा सरेपर्यंत काय घडायचं आहे?" राजाने विचारले. "आज हा इथून उडाला तर मी तुम्हाला महामात्य करतो. नाही उडाला तर नगर सोडून जायचं."

"मग मी जातो, महाराज."

राजाने डोळे बारीक केले. "जायला इतके तयार आहात, म्हणजे तुमच्यासाठी कुठंतरी दार उघडं आहे. कुणाच्या राज्यात?"

"दार कुठंच नाही, महाराज. याचे पाय शाबूत राहिले की झालं."

"ऐका तर," राजा म्हणाला. "मी याला सोडतो आहे. तुम्ही खूण केलीत, तर ज्या हातानं केलीत तो हात राहणार नाही." आणि त्याने पट्टा सोडून बभ्रूला मेढेकोटाकडे पिटाळले.

बभ्रू आनंदाने सुटला. इतकी उंच उडी मारू देणारे त्याला कुणी भेटलेच नव्हते. त्याने मागचे पाय आवळले, आणि त्याच क्षणी बोधिसत्त्वाने उजवा हात वर केला. बभ्रू धूळ उडवत खाली बसला.

रक्षकाने तलवार उपसली. बोधिसत्त्वाने तो हात तसाच पुढे केला. पण राजाचे लक्ष हातावरून मेढेकोटाकडे गेले होते. हात गेला तरी चालेल, पण कुत्रा पलीकडे जाता कामा नये? मग पलीकडे असे काय आहे, जे दिसू नये म्हणून माणूस हातही द्यायला तयार होतो?

"थांब," तो रक्षकाला म्हणाला. "आधी मी बघतो."

ओंडक्यांच्या आडव्या पट्टीवर पाय देऊन तो वर चढला. खाली एका खडकाआड काहीतरी हलले. शत्रूचा माणूस! राजाने म्यानासकट तलवार कमरेवरून ओढली आणि खाली उडी टाकली.

खडकाआडून एक शेळी बाहेर आली. तोंडात पाला धरून तिने राजाकडे पाहिले आणि ती उताराने निघून गेली. राजा मात्र उठू शकला नाही. त्याचा उजवा पाय घोट्याच्या वर मोडला होता.

रक्षकांनी पलीकडून हाका मारल्या. राजा ओरडला, "कुणी येऊ नका!" या अवस्थेत त्याला रक्षकांचीही भीती वाटली. तरी मेढेकोटावर एक माणूस दिसला. तो काठावर बसला, दोन्ही हातांनी लोंबकळला, जमीन जवळ आल्यावरच त्याने हात सोडले. तो बोधिसत्त्व होता.

राजाने तलवार उपसून टोक त्याच्या छातीवर रोखले.

"तलवार तशीच असू द्या, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "मला फक्त पाय बघू द्या."

तो खाली बसला आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत दोन्ही हातांनी हळूहळू चाचपू लागला. दुखरी जागा आली तिथे त्याची बोटे थांबली. काही वेळाने तलवारीचे टोक आपोआप खाली आले.

"मला मारायला ही जागा चांगली आहे," राजा म्हणाला.

"हो, महाराज."

"मग?"

"तुमचा पाय मोडला आहे." बोधिसत्त्वाने आपले उपरणे फाडून पट्ट्या केल्या. "बांधायला काहीतरी सरळ हवं. म्यान द्या."

राजाने म्यान दिले. मग क्षणभर थांबून तलवारही दिली. बोधिसत्त्वाने ती राजाचा हात पोचेल अशी गवतावर ठेवली आणि म्यान पायाला बांधायला घेतले.

"मी तुमचा हात तोडणार होतो," राजा म्हणाला.

"ठाऊक आहे. जरा दात आवळून धरा, आता दुखेल."

राजाचा पाय बरा झाला. त्याने बोधिसत्त्वाला महामात्यपद देऊ केले. बोधिसत्त्वाने ते घेतले नाही. कुंदिकेला पुन्हा कामावर घ्यावे आणि पूर्ण वाढ झाल्याशिवाय कुठल्याही कुत्र्याला उंच उडी मारायला लावू नये, एवढेच मागितले. राजाने दोन्ही मान्य केले. मात्र त्याचा संशय एका दिवसात गेला नाही. त्यानंतरही कित्येकदा बोलता बोलता तो अचानक थांबे आणि बोधिसत्त्वाच्या चेहऱ्याकडे निरखून पाही. बोधिसत्त्व ते ओळखी, रागावत नसे, आणि राजाचे पाहून होईपर्यंत शांतपणे थांबे. अशी वर्षे गेली, आणि एके दिवशी राजाच्या ध्यानात आले की आपण फार दिवसांत असे पाहिलेले नाही.

जेतवनात एक वृद्ध भिक्षू आपल्या तरुण शिष्याला दीर्घ उपवास करू देत नव्हता. शिष्य आपल्या पुढे जाईल म्हणून हा त्याला अडवतो, असा संशय एका भिक्षूने घेतला आणि तो संघात पसरवला. एका भिक्षुणीने मात्र वृद्धाची बाजू मांडली. तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "संशय घेणारा हा भिक्षू त्या वेळी जयंधर राजा होता. ज्या भिक्षुणीने वृद्धाची बाजू मांडली, ती कुंदिका होती. उपवासाला उतावळा झालेला तरुण बभ्रू होता, आणि श्वानांचा आचार्य मीच होतो. भिक्षूंनो, कोवळ्या हाडांसाठी थांबणे आणि दुसऱ्याच्या मनातला संशय विरेपर्यंत थांबणे, या दोहोंना एकच बळ लागते. त्याचे नाव क्षांती."