भिवरेच्या डोक्यावरच्या टोपल्या

ऐका बरं. डोळे मिटून ऐकलं तरी चालेल.

नदीकाठी बांबूचं एक बन होतं आणि बनाच्या कडेला एक बुरुडीण राहायची. तिचं नाव भिवरा. नवरा दोन वर्षांमागं आजारानं गेलेला. घरात ती आणि तिची नऊ वर्षांची लेक, रंगू. आई कामट्या काढायची, लेक सुपं विणायची.

एकदा काय झालं, भिवरेच्या अंगात ताप घर करून बसला. मग ती रंगूला घेऊन डोंगरापलीकडच्या वैदीणबाईकडे गेली. बाईंनी दोघींचं रक्त पाहिलं आणि रंगूला बाहेर बसवून भिवरेला म्हणाल्या, तुझ्या रक्तात एक किडा आहे. डोळ्यांना दिसणार नाही एवढा. त्याचं नाव एचआयव्ही. तो बाहेर काढता येत नाही, पण झोपवता येतो. रोज दिवेलागणीला एक दाणा गिळायचा, एकही दिवस चुकवायचा नाही. लेकीलाही तपासलंय, तिच्यात तो नाही. आता घरी जा, दोघी एका ताटात जेवा आणि तिला कुशीत घेऊन झोप.

दाण्याचं भिवरेनं ऐकलं. पुढचं कानावर पडलं, पण तिला ते पटलंच नाही. बुरुडीणच ती. भुंगा लागलेला एक बांबू ढिगात राहिला की सगळा ढीग पोखरला जातो, हे ती लहानपणापासून बघत आलेली. असा बांबू दिसला की बुरूड तो लांब नेऊन टाकतात. मग तिनं स्वतःलाच ढिगातून काढून टाकलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण पार दाराशी. आणि लेकीला एक अक्षर सांगितलं नाही.

मग रंगूनं विचारलं, आई, रोज संध्याकाळी काय खातेस? भिवरा म्हणाली, खडीसाखर. एवढं खोटं बोलली, तर तिच्या डोक्यावर अलगद एक टोपली येऊन बसली, बरं का. कुणाला दिसेना, काढू म्हटलं तर हाताला लागेना. मान मात्र दुखायला लागली. रंगू रुसली ती वेगळीच. एकटी एकटी खडीसाखर खाते म्हणजे काय.

मग रंगूनं विचारलं, दर महिन्याला जातेस कुठं? भिवरा म्हणाली, बांबू बघायला. आणि परत आली रिकाम्या हातांनी. दुसरी टोपली बसली. दाण्यानं ताप गेला होता, अंग भरत होतं, तरी भिवरा दमायची. कामट्या काढता काढता थांबायची. बसल्या जागी डोळे मिटायचे.

मग तिसरी वेळ आली. कोयता निसटला आणि भिवरेचं बोट कापलं. त्यांच्यात अशा वेळी जवळ असेल त्यानं ते बोट झटकन तोंडात धरायचं, अशी रीत. रंगू धावली. भिवरेनं तिला असं ढकललं की पोर कामट्यांवर जाऊन पडली. का ढकललंस, म्हणून ती रडायला लागली. भिवरा म्हणाली, हात घाण आहेत तुझे.

तिसरी टोपली अशी जड, की भिवरा खालीच बसली.

ऊन कललं तरी रंगू दिसेना. भिवरा उठली, घराच्या मागं गेली. तिथं दगडापाशी पोर राखेनं हात घासत होती. घासून घासून कातडं निघालं होतं.

"अगं, काय करतेस हे?"

"तुला माझी किळस येते," रंगू म्हणाली. "म्हणून लांब झोपतेस. अजून निघतच नाही बघ."

भिवरा तिथंच राखेत बसली आणि तिनं सगळं सांगितलं, वैदीणबाई जे जे म्हणाल्या तेही. किड्याचं नावसुद्धा सांगितलं. एकेक टोपली उतरत गेली, पण तिचं लक्ष तिकडं नव्हतं. ती लेकीच्या तोंडाकडं बघत होती. आता ही उठून जाणार, असं तिला वाटत होतं.

रंगू उठली नाही. तिनं विचारलं, "मी काही केलं म्हणून आला का तो?"

"नाही गं. कुणीच काही केलं नाही."

"बाबांना तोच होता?"

"तोच. त्यांना दाणा मिळायला उशीर झाला."

"तू मरशील?"

"मरेन, म्हातारी होऊन. दाणा चुकवला नाही तर."

रंगू म्हणाली, "म्हणजे खडीसाखर नव्हतीच? मी उगाच रुसले."

मग म्हणाली, "आणि कुशीत घेतल्यानं येत नाही, तर तू दाराशी का झोपतेस?"

"चुकलं माझं," भिवरा म्हणाली. "रक्ताला तेवढा हात लावायचा नाही. चिंधी द्यायची. बाकी काही नाही."

भिवरेनं दाणा गिळला. मग लेकीच्या सोललेल्या हातांना खोबरेल लावलं आणि लावता लावता तिच्याच मांडीवर डोकं टेकून झोपी गेली. कितीतरी महिन्यांची झोप होती ती. रंगूच्या पायाला मुंग्या आल्या. तरी ती हलली नाही.

मग दोघी सुखानं राहिल्या. कधी भांडल्या, कधी दमल्या, पण राहिल्या. चला, पांघरूण ओढा आता. काही विचारायचं असलं तर उद्या विचारा. मी सांगेन.