पाटकऱ्याचं खोरं

सन दोन हजार एकोणीस, माघ महिना. गव्हाच्या ओंब्यांत दाणा भरत होता. पांझरेकाठच्या एका गावात झिपरू पाटकरी चाळीस वर्षं पाटाचं पाणी वाटत आला होता. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे सगळं त्याच्या डोक्यात असे. पाणी सोसायटीचे अध्यक्ष उत्तमनाना यांनी पारावर बैठक बोलावली आणि पाणी वळवायचं खोरं त्याच्या हातातून काढून घेतलं.

"बाबा, आता सगळं मोबाईलात आहे. तुझ्या डोक्याचं काम संपलं."

झिपरू म्हणाला, "नाना, पाटाबद्दल एक प्रश्न विचारा. चुकलो तर घरी बसतो. नाही चुकलो तर माझं खोरं मला परत द्यायचं."

"कबूल."

नानांचं शेत पाटालाच लागून होतं. तरी त्यांना पाटाबद्दल एकही प्रश्न सुचेना. मग सवयीनं मोबाईल तोंडाशी नेऊन म्हणाले, "पाटकऱ्याला विचारायचे अवघड प्रश्न सांग."



"नाना," झिपरू म्हणाला, "उत्तरं त्याच्यात, आता प्रश्नही त्याच्यातच. मग माझ्याआधी तुमची खुर्ची रिकामी होते. बसवू का त्याला अध्यक्ष?"

नानांनी मोबाईल खिशात टाकला आणि खोरं झिपरूच्या हातात दिलं.