आभारप्रदर्शन आणि गाडीची उंची

नगराध्यक्ष दौलतराव शिंत्रे शाळेच्या समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून आले आणि फाटकासमोरच्या गतिरोधकावर त्यांच्या महागड्या गाडीचं पोट खर्रकन घासलं. मूळ सस्पेन्शन काढून त्यांनी नुकतेच गाडी खाली बसवणारे कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग, घातले होते.

भाषणात तोच विषय निघाला. "चाकाजवळची रिंग फिरवली की गाडी खाली, उलटी फिरवली की वर! पण हा गतिरोधक उद्याच उखडून टाकतो."

विद्यार्थ्यांत बसलेल्या इरावतीनं हातातल्या कागदाची घडी घातली. तिची धाकटी बहीण तिथंच ट्रकखाली येता येता वाचली होती, तेव्हा कुठे तो गतिरोधक झाला होता.

आभारप्रदर्शन तिच्याकडेच होतं. एरवी वर्गातही न बोलणारी ती माइकसमोर उभी राहिली.

"साहेबांचे मनापासून आभार. त्यांची गाडी रिंग फिरवून वर घेता येते, हे त्यांनीच सांगितलं. गतिरोधक हटवला तर आमच्या लहान भावंडांना वाचवणारी रिंग कुठंच मिळणार नाही. म्हणून साहेब गाडीच वर घेतील, याबद्दल सगळ्या शाळेतर्फे त्यांचे आभार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दौलतरावांनी माइककडे हात नेला.

"साहेब, आभारानंतर भाषण नसतं," मुख्याध्यापिका अदबीनं म्हणाल्या. "आता वंदे मातरम्."

सगळे उठले. दौलतरावही मुकाट्यानं उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी गतिरोधकावरून हळूच, न घासता गेली. बहिणीचा हात धरून उभ्या असलेल्या इरावतीनं मागून नमस्कार केला, आणि तो अगदी मनापासून होता.