जयरामची सावली

“आता तरी हा जयरामदादा दिसतो का, आबा?”

तुळाजीआबांनी लवूच्या हातातली बाहुली घेतली आणि अंगठ्याने चाचपली.

आबा चामड्याच्या बाहुल्या कातरायचे आणि पडद्यामागे दिवा लावून त्यांच्या सावल्यांचा खेळ करायचे. त्यांच्या हाताखाली लवू आधी झाडं शिकला, मग घोडे, मग राक्षस. माणूस करायची परवानगी त्याला अजून मिळाली नव्हती. पण गेल्या पावसाळ्यात थोरला भाऊ तापाने गेला आणि लवूने न विचारताच हत्यार उचललं. दादाचा चेहरा रोज थोडा पुसट होत होता. तो पार पुसला जायच्या आत त्याला चामड्यात धरून ठेवायचा होता.

“नाक त्याचंच,” आबा म्हणाले. “मिशी त्याचीच. भुवईवरचा व्रणसुद्धा सोडला नाहीस.”

लवूची मान ताठ झाली. “हात बसलाय आता माझा.”

अंगणात दोरीवर आबांचं धोतर वाळत होतं. आबा त्याच्यामागे गेले आणि उन्हात त्यांनी बाहुली धरली.

“कोण आलं?”

धोतरावर एक काळा माणूस उभा राहिला. समोरून कोरलेल्या त्या चेहऱ्याचा नुसता गोळा झाला होता. नाक नाही, मिशी नाही, व्रण नाही.

“मला तर तलाठी वाटतो,” आबा म्हणाले.

मग त्यांनी पेटीतली एक जुनी बाहुली आणून उन्हात धरली. तिचं डोकं उंदरांनी कुरतडून नेलं होतं.

“हा?”

“भीम.”

“मेल्या, डोकं कुठाय त्याला?”

“नसू दे. भीमच तो.”

लवू बोलून गेला, आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्याने आपली बाहुली उचलून अंगणात भिरकावली.

“चेहराच तेवढा उरलाय माझ्याकडे, आबा! आणि तोही चाललाय!”

“जाऊ दे त्याला.”

“आबा!”

“ओरडू नकोस. जयराम बाजारातून घरी कसा यायचा रे? जरा तिकडून चालून दाखव.”

आबा अलीकडे येऊन पायरीवर बसले. लवू तणतणत धोतरामागे गेला.

पहिली पावलं त्याची स्वतःची पडली. मग डावा खांदा आपोआप खाली आला. त्याच खांद्यावर दादा त्याला बसवायचा. लवू मोठा झाला, तरी तो खांदा पुन्हा वर गेला नव्हता. मान पुढे झुकली. एक हात मागे राहिला, कुणीतरी बोट धरावं तसा.

यातलं काहीच त्याने ठरवलं नव्हतं. आपण हे कधी पाहिलं, तेही त्याला आठवत नव्हतं.

तो जागच्या जागी थांबला. श्वास सोडायचीही त्याला भीती वाटली.

“आबा...?”

पायरीवरून कुणी उठल्याची चाहूल लागली, तांब्या वाजला.

“ये, जयराम,” पलीकडून आबा म्हणाले. “पाणी पी. लवू तुला केव्हाचा शोधतोय.”